मासे किती? चित्रपुस्तकातून मोजायला शिकवताना

तीन वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर एकपासून वीसपर्यंत धडाधड म्हणून दाखवतं आणि आजी-आजोबा खूश होतात. त्याच मुलासमोर लिंबांची टोपली ठेवून म्हणा, ‘यातली तीन मला दे.’ बहुतेकदा ते दोन्ही हातांत मावतील तेवढी लिंबं उचलून तुमच्यासमोर ठेवतं. याला चूक म्हणायचं कारण नाही. अंक म्हणणं बडबडगीतासारखं पाठ होतं. मोजणं मात्र त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, हळूहळू येतं. या मधल्या काळात चित्रपुस्तक फार कामाचं असतं, कारण त्यातले मासे जागचे हलत नाहीत, गडगडत नाहीत आणि रोज तेवढेच असतात.

पण पुस्तक उघडून ‘हे किती? ते किती?’ असा सपाटा लावला की दोन दिवसांत मूल ते पुस्तक कपाटाखाली सारतं. म्हणून आधी मोजण्यात काय काय येतं ते बघू.

रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्याची पाच तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच अंक द्यायचा. अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती, त्याचं उत्तर. मोजायला काहीही चालतं, मासे, टाळ्या, पायऱ्या. आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं. यातलं तिसरं तत्त्व मोठ्यांना इतकं उघड वाटतं की ते शिकवायचंच राहून जातं. मुलाची गाडी नेमकी तिथेच अडते. ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणून झाल्यावर ‘मग मासे किती?’ विचारलं की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं, कारण ‘किती’ म्हणजे ‘मोजून दाखव’ असा अर्थ त्याने लावलेला असतो. या लेखातल्या सगळ्या खटपटीचा रोख त्या ‘किती’वर आहे.

आधी मूल कुठवर आलंय ते बघा

एकसारख्या दहा वस्तू घ्या. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर राजमा, शेंगदाणे, मणी नकोत, ते तोंडात जातात आणि घशात अडकतात. कपडे वाळत घालायचे मोठे चिमटे उत्तम. सगळे चिमटे मुलासमोर ठेवून सहज म्हणा, ‘मला एक चिमटा दे.’ मग ‘तीन दे’, मग ‘दोन दे’. क्रमाने मागू नका, नाहीतर ते दर वेळी एक वाढवून देत जाईल आणि तुमचा गैरसमज होईल. प्रत्येक संख्या दोन-तीनदा मागा, वेगवेगळ्या दिवशी मागितली तरी चालेल. ‘मोजून दे’ म्हणायचं नाही, आणि बरोबर-चूक चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही.

मुलं इथे पायरीपायरीने पुढे जातात. आधी फक्त ‘एक’ नेमकं कळतं आणि बाकी सगळे अंक म्हणजे ‘पुष्कळ’. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतं, मग ‘तीन’. तीन-चारपर्यंत पोचल्यावर मात्र मोजण्याचं मर्मच कळतं आणि पाच, सहा, सात एकदमच जमायला लागतात. हा प्रवास साधारण अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान होतो, कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा. तुमच्या मुलाला नेमकं दोन कळत असेल तर पुस्तकातलं तीनचं पान हे तुमचं कामाचं पान. दहाचं पान नुसतं चित्र म्हणून बघा.

पुस्तक निवडताना

दुकानात मुखपृष्ठ बघून पुस्तक घेऊ नका. मधलं एक पान उघडा आणि स्वतः बोट ठेवून मोजा. छापलेला अंक आणि चित्रातल्या वस्तू जुळत नाहीत, अशी स्वस्त पुस्तकं बाजारात असतात.

वस्तू पूर्ण दिसायला हव्यात. गवतामागून नुसते कान दिसणारा ससा मोठ्यांना ‘पाचवा ससा’ वाटतो, मुलाला ते नुसतं गवत वाटतं. पाण्यातलं प्रतिबिंब हा आणखी एक सापळा. ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचं सुंदर चित्र असेल आणि खाली पाण्यात त्यांची उलटी चित्रं असतील, तर मूल सहा पक्ष्यांचे बारा करणार, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. दोन पानांच्या मधल्या घडीवर चित्र आलं तर ते अर्धं इकडे, अर्धं तिकडे दोनदा मोजलं जातं. जोडीने येणाऱ्या वस्तू, म्हणजे चपला, मोजे, बैलजोडी, सुरुवातीला टाळा. एक जोड की दोन चपला, हा गोंधळ आत्ताच कशाला?

पान क्रमांक तपासा. चार बदकांच्या पानाच्या कोपऱ्यात ‘७’ छापलेला असतो आणि अंक ओळखायला लागलेलं मूल तो बरोबर हुडकून काढतं. पांढऱ्या कागदाची चिकटपट्टी लावून तो झाका.

एक ते पाचचं पुस्तक एक ते दहापेक्षा जास्त उपयोगाचं. तीनपर्यंतच्या वस्तू न मोजताही नजरेला कळतात, त्यामुळे तीनच्या आसपास मूल स्वतःच उत्तर ताडून बघू शकतं. दहा मुंग्यांच्या पानावर त्याला तुमच्यावर विसंबून राहावं लागतं.

मराठीत आणखी एक सोय आहे. ‘एक आंबा, दोन आंबे’, ‘एक चिमणी, दोन चिमण्या’ म्हणताना शब्दाचं रूपच बदलतं, त्यामुळे ‘एक’ आणि ‘एकापेक्षा जास्त’ हा फरक कानाला ऐकू येतो. हत्ती, वाघ, लाडू यांच्यात तो येत नाही: एक हत्ती, दोन हत्ती. म्हणून पहिलं पुस्तक आंबे, मासे, ससे, चिमण्या, फुलं यांचं असलेलं बरं. हत्ती दुसऱ्या पुस्तकात.

पुस्तकं कुठून आणायची? नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तुलिका यांची मराठी चित्रपुस्तकं आहेत. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता, उतरवून घेता आणि छापता येतात. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत लहान-मोठी वाचनालयंही आहेत. तुम्ही सभासद असाल त्या वाचनालयात मुलांच्या कपाटातली चित्रपुस्तकं मागून बघा. आणि ‘अंकांचं पुस्तक’च हवं असं नाही. ज्या गोष्टीत एकेक जण येऊन गाडीत बसतो किंवा एकेक लाडू संपत जातो, तीही चालते, बरेचदा जास्त चांगली चालते.

वाचायचं कसं

पहिले दोन-तीन दिवस मोजायचंच नाही. गोष्ट वाचा, आवाज काढा, मुलाला बोट दाखवू द्या. गोष्ट ओळखीची झाल्याशिवाय त्याचं लक्ष संख्येकडे वळत नाही. आपलं लक्ष तरी कुठे वळतं?

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एका बैठकीत एकच पान निवडा. सगळं मिळून सात-आठ मिनिटं पुरे. मूल मांडीवर किंवा शेजारी, पुस्तक दोघांनाही सरळ दिसेल असं.

मग असं करा. पानावर आल्याबरोबर आधी उत्तर सांगा: ‘अरे वा, तीन मासे!’ लगेच बोट ठेवत मोजा: ‘एक, दोन, तीन.’ शेवटी पूर्ण तळवा सगळ्या माशांवरून गोल फिरवा आणि म्हणा: ‘तीन मासे.’ इतकंच. आधी उत्तर सांगणं शिक्षकी मनाला पटत नाही, कोडं फोडल्यासारखं वाटतं. पण नुसतं मोजून दाखवलं, किंवा नुसतं ‘तीन मासे’ म्हटलं, तर शेवटच्या अंकाचा आणि एकूण संख्येचा संबंध मुलाला जुळवता येत नाही. दोन्ही एका दमात ऐकलं की जुळतो.

बोट ठेवताना नुसते अंक म्हणा. दुसऱ्या माशावर बोट ठेवून ‘दोन मासे’ म्हटलं तर मुलाला वाटतं की त्या माशाचंच नाव ‘दोन मासे’. वस्तूचं नाव शेवटी, तळवा फिरवताना.

दोन-तीन दिवस तुम्ही मोजून दाखवलंत की मुलाचं बोट धरून मोजा, मग त्याला एकट्याला मोजू द्या. बोट माशावर टेकल्यावरच अंक उच्चारायचा, ही एकच शिस्त. आता चिमटे काढा. पुस्तकाच्या पानाएवढी पुठ्ठ्याची पट्टी शेजारी ठेवा. चित्रातल्या एका माशासाठी पट्टीला एक चिमटा. सगळे लावून झाले की पुस्तक मिटा आणि पट्टी दाखवून विचारा, ‘मासे किती होते?’ पान समोर नसल्यामुळे मासे पुन्हा मोजता येत नाहीत. त्याने चिमटे मोजले तर मोजू द्या. न मोजता ‘तीन’ म्हटलं, तर त्या दिवशीचं काम झालं.

त्यानंतरची पायरी उलटी. ‘या पानावरच्या माशांना एकेक पोळी द्यायची आहे. स्वयंपाकघरातून पोळ्या म्हणून तेवढ्या झाकण्या घेऊन ये.’ संख्या डोक्यात धरून दुसऱ्या खोलीत जाऊन यायचं, हे मूल आनंदाने करतं आणि यात त्याची खरी परीक्षा होते. दोनच आणल्या तर ‘चुकलं’ म्हणू नका, माशांसमोर मांडा. उपाशी राहिलेला मासा तोच दाखवेल.

कुठे बिघडतं

बोट पुढे, तोंड मागे. मूल घाईत बोट सरकवतं आणि अंक मागे पडतो. ‘सहा’ आणि ‘नऊ’ म्हणताना हे खास होतं, कारण त्यांत दोन ठोके आहेत: ‘स’ एका माशावर, ‘हा’ दुसऱ्यावर. यावर उपाय म्हणजे मोजून झालेल्या चित्रांवर पोस्टकार्डाच्या आकाराचा कागद सरकवत न्या. झाकलेलं मोजून झालं.

वस्तू विखुरलेल्या असल्या की कुठून सुरू केलं ते मूल विसरतं आणि गोल गोल मोजत राहतं. पहिल्या वस्तूवर एक चिमटा किंवा झाकण ठेवा, तिथे परत आलं की थांबायचं. आणि ओळीतली मोजणी पक्की होईपर्यंत विखुरलेली पानं मागे ठेवा.

पान पाठ होणं. पिवळं पान म्हणजे पाच, हे मुलाला आठवड्यात कळतं आणि ते न बघता ‘पाच!’ ओरडतं. आईला वाटतं, आलं. पडताळायला पाचच्या पानावरचं एक चित्र चिकटपट्टीने झाका आणि विचारा. तरीही ‘पाच’ आलं तर पान पाठ आहे.

‘जास्त’ आणि ‘मोठं’ यांची गल्लत. दोन हत्ती आणि पाच मुंग्या यांत जास्त कोण, असं विचारलं की हत्तीच जिंकतात. तुलना करायची तर आधी एकाच आकाराच्या वस्तूंची करा.

माणसं मोजताना आपली भाषा वेगळी वाट धरते. ‘तीन मुली’ला आपण सहज ‘तिघी’ म्हणतो, मुलग्यांना ‘तिघे’. मुलाने नुकतंच ‘तीन’ पकडलेलं असतं, त्यात ‘तिघी’ कुठून आली? पहिले काही आठवडे ‘तीन मुली’ म्हणा आणि मागून ‘तिघीजणी’ जोडा. नुसतं ‘तिघी’ नको.

दोन भाषा. ठाण्या-नवी मुंबईत शाळा इंग्रजी, घर मराठी, सोसायटीच्या बागेत हिंदी, हे नेहमीचंच. मूल ‘वन, टू, तीन, चार’ असं मोजतं. घाबरू नका, पण एका बैठकीत एकाच भाषेत मोजा. घरी जी भाषा बोलता तिच्यात ‘किती’ पक्कं होऊ द्या. इंग्रजी शब्द नंतर फक्त शब्द म्हणून शिकावे लागतात, संख्येची समज पुन्हा शिकावी लागत नाही. लिहिलेल्या अंकांचं मात्र जपून. मराठी १ इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी चारासारखा, मराठी ४ म्हणजे वरून उघडा इंग्रजी आठ. दोन्ही लिप्या एकाच पानावर असलेली पुस्तकं दिसायला छान असतात, पण त्यातली एक बाजू झाकून वापरा. शिवाय ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं वाटतात, त्यामुळे ते उलटे ओळखले जाणं स्वाभाविक आहे.

दहाच्या पुढे जायची घाई नको. मराठीत अकरा ते अठरा हे शब्द पाठच करावे लागतात, आणि एकोणीस म्हणजे ‘विसाला एक कमी’, हे मोठ्यांच्याही लक्षात नसतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी फोड करून संख्या सांगायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता! बाजू कुठलीही घ्या, अडचण खरी आहे. तीन वर्षांच्या मुलावर ती आत्ताच लादायचं कारण नाही.

घरचं पुस्तक

बाजारचं पुस्तक हवं तसं मिळालं नाही तर हे करा, तासाभराचं काम आहे. ए-फोर आकाराचे जाडसर ड्रॉइंग पेपरचे तीन कागद घ्या. तिन्ही एकत्र मधोमध दुमडा. बारा पानं होतात: पुढचं मुखपृष्ठ, मागचं पान, आणि मध्ये समोरासमोरच्या पानांच्या बरोबर पाच जोड्या. एक ते पाचसाठी नेमक्या तेवढ्याच लागतात. दुमडीवर वर, मध्ये, खाली दाभणाने तीन भोकं पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा. गाठ बाहेरच्या बाजूला. स्टेपलर वापरलात तर टोकं आत वळवून वर चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटांना लागतात.

डाव्या पानावर तळहाताएवढा अंक. उजव्या पानावर वस्तू. प्रत्येक चित्र किमान अडीच सेंटिमीटरचं आणि दोन चित्रांत एक सेंटिमीटर तरी मोकळी जागा, म्हणजे मुलाचं बोट दोघांवर पडत नाही. या हिशेबाने चार वस्तू एका ओळीत जेमतेम मावतात, पाच मावत नाहीत. चारसाठी दोनाखाली दोन, पाचसाठी वर तीन आणि खाली दोन. पार्श्वभूमी कोरी ठेवा. ढग, फुलपाखरं, किनार काढायचा मोह होतो, पण मूल तीही मोजतं.

चित्रं घरातलीच: एक कुकर, दोन पेले, तीन लिंबं, चार वाट्या, पाच बटाटे. मोबाइलवर फोटो काढून छापले तर मुलाला जास्त आवडतं. टिकल्या चिकटवून ठिपके करायची कल्पना चांगली दिसते, पण पावसाळ्याच्या दमट हवेत त्या सुटतात आणि तोंडात जातात. स्केचपेन बरा. मागचं पान कोरं ठेवा. पाचही संख्या पक्क्या झाल्या की ते उघडून विचारा, ‘इथे बटाटे किती?’ उत्तर ‘एकही नाही’ असं येईल. शून्य हा शब्द तेव्हा द्या, आधी नको.

अंगणवाडीत किंवा बालवाडीत

वीस मुलांसमोर लहान पुस्तक धरून मोजलं तर मागच्या दहांना काहीच दिसत नाही. ताईंनी गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवावी, मोजणी मात्र पाच-पाच मुलांच्या गटात घ्यावी. तोवर बाकीच्यांना चिमटे आणि पट्ट्या द्या. सगळ्यांनी एका सुरात मोजलं की दोन मुलं मोजतात आणि अठरा सूर धरतात. गटात प्रत्येक मुलाने एकदा तरी स्वतः बोट ठेवलं पाहिजे.

पुस्तकाबाहेर

तीनचं पान जमलं की त्याच दिवशी घराबाहेर तीन शोधा. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात भाजीवाल्याकडून ‘चार लिंबं’ मुलाला स्वतः उचलू द्या. तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, एका वेळी दिसणाऱ्या होड्या मोजा, मात्र त्या हलतात, म्हणून पाचच्या आतच.

सगळे अंक मात्र मोजण्याचे नसतात, आणि हे नवी मुंबईतल्या मुलांना फार लवकर भेटतं. सेक्टर सतरामध्ये सतरा काय आहे? काहीच नाही, ते नाव आहे. बसचा क्रमांक, गाडीची पाटी, लिफ्टमधला सातवा मजला यांतही सात वस्तू नसतात. मूल ‘सात’ वाचून ‘सात काय?’ विचारायला लागलं तर ती चांगली खूण समजा, कारण अंकापाशी काहीतरी मोजलेलं असतं हे त्याला कळलंय. त्याला सांगा, ‘हे लिफ्टचं बटण आहे, इथे सात वस्तू नाहीत. चल, आपण वर जाताना मजले मोजू.’ आणि तळमजल्यापासून वर जाताना प्रत्येक मजल्याला एकेक अंक म्हणा.